फोमच्या ढालीवर चामडं चढवलं, त्याला नऊ महिने झाले

शिवजयंतीच्या नाटकासाठी जानेवारीत दोन ढाली केल्या. आत 10 मिलिमीटरचा ईव्हीए फोम (चपलांच्या तळव्यात असतो तसला), वर खरं चामडं. तालमी, तीन प्रयोग आणि अख्खा पावसाळा त्यांनी पाहिला. एक अजून उत्तम आहे, एक जुलैतच सुटायला लागली. दोन्हींत फोम एकच, गोंद एकच. फरक मुख्यतः चामड्याच्या कमावणीचा.

घुमट करणं सोपं. 18 इंची चकती हॉट एअर गनने दोन्ही बाजूंनी तापवली आणि उपड्या कढईवर गार होईपर्यंत दाबून धरली. जाड हातमोजे हवेतच. फोमऐवजी थर्माकोल वापरू नका, चिकटवायचं रबर सोल्युशन लागलं की तो विरघळतो.

पहिल्या ढालीला क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, कमावलेलं मेंढीचं काळं चामडं लावलं. मऊ, लवचिक, घुमटावर एकही चुणी न पडता बसलं आणि मी हरखून गेलो. पण मधल्या सूर्याच्या नक्षीसाठी चामड्याखाली 3 मिलिमीटर फोमचे किरण चिकटवले होते. त्यांच्या मधल्या खोबणीत हे चामडं कितीही दाबलं तरी आकार धरत नाही, परत सपाट व्हायला बघतं. तिथे सगळा भार एकट्या गोंदावर. दमट हवेत एकेक खोबण फुगून वर आली.

दुसरीला सालीवर कमावलेलं बकऱ्याचं, 1 मिलिमीटर जाडीचं. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात, तशाच जातीचं. हे ओलं असताना दाबाल तो आकार वाळल्यावर धरून ठेवतं. तरी पहिल्यांदा माझी मोठी चूक झाली: ओलं असतानाच चिकटवलं. फोम पाणी शोषत नाही, त्यामुळे आतली ओल अडकली, गोंद धरला नाही आणि वाळताना आकसलेल्या चामड्याने ढालीची कडाच वर ओढली. सगळं उखडून पुन्हा केलं.

आता कोमट पाण्यात भिजवून, फोमवर ताणून, हाडाच्या पट्टीने खोबण्या दाबून रात्रभर तसंच वाळू देतो. दुसऱ्या दिवशी काढून दोन्हीकडे गोंद लावतो, बोटाला चिकटेनासा झाला की मधून बाहेर दाबत जातो. किरणांच्या कडा आधी तिरप्या कापलेल्या हव्यात, उभ्या कडेच्या कोपऱ्यात चामडं पोचतच नाही. कडेला दुमडायचा भाग रापीने (चामडं तासायच्या हत्याराने) पातळ करायला मी मोचीकाकांकडून शिकलो, आणि तेवढ्यानेच काम नवशिक्याचं वाटेनासं झालं. गोंद लावताना खिडक्या उघड्या ठेवा, त्याच्या वासाने डोकं धरतं.

ऑगस्टमध्ये या चांगल्या ढालीवरही पांढरी बुरशी आली. कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाळवली, तेव्हापासून प्लास्टिकऐवजी सुती कापडात गुंडाळते आई.

मूठ मात्र दोन्हींची निघाली. गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याच्या जुन्या ढालींवर जी धातूची चार फुलं दिसतात, ती मुठीचे पट्टे धरणाऱ्या खिळ्यांवरची असतात. मी ती नुसती शोभेला चिकटवली होती आणि मूठ फोमला गोंदाने लावली होती. आता मागे प्लायवुडचा तुकडा घालून फुलांमधूनच बोल्ट आरपार काढलेत. तिसऱ्या ढालीला ही भोकं चामडं चढवण्याआधीच फोमला पाडणार आहे. चामडं बसल्यावर खालची मापं चाचपूनही सापडत नाहीत.