क्रेडिट नोट आली, पैसे आलेच नाहीत

१,७७,००० रुपये. अंबडमधल्या माझ्या खोक्यांच्या कारखान्यासाठी घेतलेल्या मशीनपायी एवढे बुडाले. लिहायची लाज वाटते, पण ती विकणारा माणूस अजून नाशकात मशीनं विकतोय.

डिसेंबर २०२४. बिल ६,४०,००० चं, त्यावर १८ टक्के जीएसटी १,१५,२००, एकूण ७,५५,२००. सगळे आरटीजीएसने दिले. "दीड लाखाची सवलत बिलात दाखवता येत नाही शेठ, कंपनीची स्कीम आहे. मार्चमध्ये क्रेडिट नोट काढून टॅक्ससकट परत देतो." क्रेडिट नोट म्हणजे बिलाची रक्कम नंतर कमी केल्याचा कागद. कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात सवलतीची ओळ होती, त्यावर मी सही केली. सवलत बिलातच असती तर करपात्र मूल्यातून तिथेच वजा झाली असती. विक्रीनंतर द्यायची तर तेव्हाच्या नियमाने आधीचा करार लागायचा, तो त्याला माझ्या सहीने मिळाला.

वर गाडीभाड्याचे १८,००० रोख मागितले, "बिलात नको." मशीन पोहोचवायची जबाबदारी त्याची, म्हणजे ते भाडंही करपात्र मूल्यात धरायलाच हवं होतं. भाडं बिलाबाहेर ठेवणाऱ्याशी व्यवहारच करू नका. तिथेच उठायला हवं होतं मी.

मार्चमध्ये क्रेडिट नोट आली: १,५०,००० आणि कर २७,०००. जीएसटी पोर्टलवर आयएमएसमध्ये, म्हणजे विक्रेत्याने चढवलेली बिलं-नोटा मान्य किंवा अमान्य करायच्या जागी, ती दिसत होती. मी स्वतः पाहिली! कागद आला म्हणजे पैसे येणारच, असं धरून चाललो. द्राक्षाचा हंगाम, खोक्यांसाठी गाड्या दारात उभ्या, पोर्टलवर कोण बसणार? हात लावला नाही तर नोट मान्य धरली जाते. तशीच धरली. माझ्या आयटीसीतून, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीतून, २७,००० गेले, त्याचा कर तेवढाच कमी झाला आणि माझे पैसे त्याच्याच खिशात. नाकारली असती तर ते २७,००० त्याच्या पुढच्या रिटर्नमध्ये परत चढले असते. तुम्ही नाकारा. ऑक्टोबर २०२५ पासून एका महिन्यापुरती पेंडिंगही ठेवता येते.

कर कार्यालयात चार चकरा. "रिटर्न जुळतंय, हा तुमचा आपसातला व्यवहार." पोलीस म्हणाले दिवाणी मामला, वकील लावा. ऑनलाइन तक्रार केली, तर 'निकाली' असा मेसेज आला. काय निकाली काढलं? कर वेळेत भरणाऱ्याला नोटीस दोन दिवसांत येते, त्याची तक्रार घ्यायला मात्र कुणी नाही!

सीएला दर महिन्याच्या १४ तारखेआधी आयएमएस उघडायला लावा. फोनवरचा शब्द ईमेलवर मागा.

त्याचा फोन अजून लागतो. "पुढच्या आठवड्यात नक्की, शेठ."