अडीचशे किलोंत बसवा, मग लढवा

पुण्याजवळच्या भोसरीत कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, म्हणून माझं मशीन शॉपही त्या दिवशी बंद असतं. मे महिन्यातले तीन गुरुवार मी सिंहगड रोडवरच्या आमच्या सोसायटीतल्या मुलांना दिले आणि नंतरच्या रविवारी क्लबहाउसच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून लढाऊ रोबोंची स्पर्धा घेतली. रोबो सगळे संगणकातले. गेम म्हणजे २००३ साली आलेला 'रोबोट अरीना २'. त्याची जुनी सीडी आणि विंडोज एक्सपीवर चालणारा संगणक, दोन्ही मी जपून ठेवलं होतं. चित्रं जुनाट वाटतात, पण मुलांना यंत्र बांधायला शिकवायचं असेल तर आजही मी हाच गेम घेईन.

कारण वजनाची मर्यादा. हलक्या गटाला २५० किलो, मधल्याला ४००, जड गटाला ८००. आधी चेसिसचा, म्हणजे सांगाड्याचा, आकार जाळीवर बिंदू मांडून काढायचा. मग आत कंट्रोल बोर्ड, बॅटऱ्या, मोटारी बसवायच्या, चाकं आणि हत्यारं जोडायची, शेवटी वायरिंग. चेसिस लहान काढला तर बॅटरी मावत नाही, ऐसपैस काढला तर चिलखतातच वजन जातं. सातवीतली माझी भाची पाऊण तास इथेच अडकली होती. तिचा 'वरवंटा' २५० च्या किंचित वर जात होता. तिने हत्याराचे दात काढले, परत लावले. चिलखत पातळ केलं, तेही मागे घेतलं. शेवटी चेसिसचा मागचा कोपरा दोन घरं आत ओढला आणि म्हणाली, "मामा, इथे नुसती हवाच होती!" शॉपमध्ये नव्याने लागलेल्या पोराला हे कळायला कधी कधी वर्ष जातं.

फिरत्या हत्याराचंही तसंच. पॉवर प्रेसचं फ्लायव्हील, म्हणजे ऊर्जा साठवणारं जड फिरतं चाक, ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच उमगेल: वेग दुप्पट केला की साठलेली ऊर्जा चौपट होते, आणि वजन कडेला असेल तर जास्त फायदा. पण आडवं पातं फिरवायला लागलं की रोबोचं अंगच उलट्या दिशेला वळू पाहतं. दोन मुलांचे रोबो पहिल्या चाचणीत जागच्या जागी गिरक्या घेत राहिले. मी काही सांगितलं नाही. पुढच्या गुरुवारी एकाने चाकं रुंद अंतरावर लावून आणली, दुसऱ्याने पातं आखूड केलं.

संगणक एकच, म्हणून प्रत्येकाला एक तास आणि दार बंद, म्हणजे कुणाची रचना कुणाला दिसणार नाही. आठ मुलं, आठ तास. तिसऱ्या गुरुवारी संध्याकाळी सगळ्या फाइल मी पेनड्राइव्हवर घेतल्या. त्यानंतर बदल बंद.

लढती मुलांच्या हाती दिल्या नाहीत. ज्याची बोटं चपळ तो जिंकला असता, आणि मला बांधणीची परीक्षा घ्यायची होती. म्हणून दोन्ही रोबो संगणकच चालवत होता. बाद पद्धतीत सात लढतींत निकाल लागला असता, पण चार मुलं पहिल्याच फेरीनंतर घरी गेली असती. म्हणून साखळी सामने: २८ लढती, तीन-तीन मिनिटांच्या. मधल्या चहा-पोह्यांसकट तीन तास गेले.

या गेमची एक खोड आधीच माहीत असावी. त्यातल्या टकरी आणि हालचाली हॅवॉक नावाचं सॉफ्टवेअर ठरवतं आणि दोन भाग एकमेकांत रुतले की एखादा रोबो कारण नसताना छतापर्यंत उडतो. म्हणून पहिल्या दिवशीच मी लिहून लावलं होतं की असं झाल्यास लढत एकदा पुन्हा होईल. निकाल लागल्यावर केलेला नियम मुलांना कधीच न्याय्य वाटत नाही.

खऱ्या रोबोवॉरची हौस असलेल्यांनीही इथूनच सुरुवात करावी. आयआयटी मुंबईच्या टेकफेस्ट या तंत्रमहोत्सवातल्या लढती पाहून मुलं पुण्याच्या बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मोटारी शोधायला निघतात. जरूर जावं, पण वेगाने फिरणारं पातं घराच्या गच्चीवर कधीही चालवू नये. त्याला भक्कम पिंजराच हवा.

सगळ्यात किचकट काम आयोजकाचं. रोबो आपोआप लढावा म्हणून पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या फाइलमध्ये प्रत्येकाची नोंद करावी लागते, आणि तिथलं कंट्रोलचं नाव वायरिंगमधल्या नावाशी तंतोतंत जुळावं लागतं. ही नावं मीच भरली होती. तिसऱ्या लढतीत 'रवी' नावाच्या रोबोची उभी चकती फिरेचना. त्याने तीन मिनिटं नुसता मार खाल्ला. सहावीतला तो मुलगा काही बोलला नाही, खुर्चीची कड धरून बसून राहिला. फाइल उघडली तर नाव मी चुकीचं टाकलेलं. मी सगळ्यांसमोर चूक कबूल केली आणि लढत पुन्हा लावली. जिंकलेल्या मुलाचे वडील म्हणाले, "काका, आमच्या पोराचा यात काय दोष?" दोष नव्हताच. मी जिंकलेल्या मुलालाच विचारलं. त्याने क्षणभर पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "फिरवा त्याची चकती."

'रवी' पुन्हा हरला, पण या वेळी चकती पूर्ण वेगात होती आणि समोरच्याचं एक चाक तिने उडवलं. मग 'रवी' बांधणारा मुलगा खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसला आणि पुढच्या प्रत्येक लढतीआधी फाइलमधली नावं मोठ्याने वाचून दाखवू लागला.