गाडीचा स्लो वाढला आणि माझा कार्बोरेटर गेला

वडिलांची २००६ची स्प्लेंडर प्लस मी अजून वापरतो. मार्चअखेर तिला खोड लागली. ॲक्सिलेटर सोडला तरी रेस लगेच खाली यायची नाही. चार-पाच सेकंद घोंगावायची, मग सावकाश उतरायची. सकाळी थंड असताना ठीक असायची. पण जुळे सोलापुरातून सात रस्त्यापर्यंत आलो की इंजिन तापायचं आणि सिग्नलला लोक माझ्याकडे वळून बघायचे. त्यांना वाटायचं, हा मुद्दामच रेस करतोय.

ऑफिसच्या वाटेवरच्या एका गॅरेजात दाखवली. त्यानं स्लोचा, म्हणजे ॲक्सिलेटर न देता इंजिन ज्या वेगानं फिरतं त्याचा, स्क्रू दोन आटे सोडला. "झालं मालक." पन्नास रुपये. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बंदच पडायला लागली आणि संध्याकाळी तापल्यावर पुन्हा तेच घोंगावणं. परत गेलो तर म्हणाला, "कार्बोरेटर गेला. आतला पिस्टन घासलाय. सोडून जावा, संध्याकाळी बघू."

संध्याकाळी त्यानं ट्रेमध्ये खोललेला कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, दाखवला. पिस्टनवर ओरखडे होते, स्पष्ट दिसत होते. जुन्या गाडीत पिस्टन घासतो आणि त्यानं स्लो बिघडतो, हे खरंच आहे. म्हणून तर पटलं. 'कंपनीचा' नवीन कार्बोरेटर ३,२०० आणि मजुरी ४००. मी मान डोलावली.

रेस तरीही राहतच होती. "नवीन आहे मालक, पाचशे किलोमीटर चालवा, बसेल." ते झाल्यावर म्हणाला, "मग हेडचं काम आहे, वॉल्व्ह गळतात." खर्च साडेचार हजार. तिथं मात्र माझी ट्यूब पेटली.

एका मित्रानं अक्कलकोट रोडवरच्या एका म्हाताऱ्या चाचांकडे नेलं. त्यांनी पान्याला हातच लावला नाही. गाडी चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवलं. रेस बदलली नाही, म्हणजे ॲक्सिलेटरची वायर ओढली जात नव्हती. मग बाटलीतलं साबणाचं पाणी कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधल्या जोडावर थेंब थेंब सोडलं. रेस झपकन खाली आली. "इथून हवा घेती," एवढंच म्हणाले. मधल्या इन्सुलेटरची (धग अडवणाऱ्या तुकड्याची) ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल रिंग, सोलापूरच्या उन्हात आणि इंजिनच्या धगीत वाळून खापरासारखी कडक झाली होती. तिथून फुकटची हवा आत शिरायची, पेट्रोल कमी पडायचं आणि रेस वर राहायची. गॅरेजवाल्यानं नवीन कार्बोरेटर त्याच जुन्या रिंगवर चढवला होता! रिंग वीस रुपये, मजुरी शंभर.

चाचांनीच आणखी एक दाखवलं. नव्या कार्बोरेटरच्या बॉडीवर कुठंही 'केहीन' हे बनवणाऱ्या कंपनीचं नाव नव्हतं. माझ्या जुन्यावर होतं. तेव्हा आठवलं. आमच्या कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा एक स्क्रू झिजला होता, म्हणून वडिलांनी त्या जागी एलन-कीचा बोल्ट बसवला होता. ट्रेमधल्या वाटीचे सगळे स्क्रू एकसारखे होते. ट्रेमधला कार्बोरेटर माझा नव्हताच.

कुणाची गाडी अशी घोंगावत असेल तर कार्बोरेटर खोलू देण्याआधी या गोष्टी समोर उभं राहून करून घ्या. चोक अर्धवट अडकलाय का बघा. ॲक्सिलेटर फिरवायला लागल्यावर दोन ते सहा मिलिमीटर मोकळा फिरायला हवा, तेवढा ढिलेपणा नसेल तर आधी वायर सैल करा. मग हँडल फिरवून बघा आणि शेवटी साबणाचं पाणी. काही जण पाण्याऐवजी पेट्रोल टाकतात. तापलेल्या इंजिनवर तसं अजिबात करू देऊ नका. या गाडीला आरपीएमचा काटा नाही, कंपनीचा स्लो साधारण १४०० धरला तरी तो कानानंच ओळखायचा. त्यामुळे स्क्रू सोडून आवाज उतरवणं फार सोपं आहे आणि दुखणं तिथंच राहतं. गाडी सोडून जायची वेळ आलीच तर कार्बोरेटरचा फोटो काढा, वाटीवर खूण करा आणि जुना पार्ट हातात मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

मी परत जाऊन माझा कार्बोरेटर मागितला. "भंगारात गेला मालक." राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर फिरवायचं मनात आलं, म्हणून खिशातली चिठ्ठी काढली. त्यावर निळ्या पेननं फक्त ३,६०० लिहिलंय. दुकानाचं नाव नाही, गाडीचा नंबर नाही, तारीखही नाही.