क्रॉसओव्हर नायलॉन गिटार, वापरानंतर: चार मिलिमीटर राहू द्या, बॅटरीचं बघा

नायलॉन गिटार पारंपरिक क्लासिकल घ्यावी की क्रॉसओव्हर (तारा नायलॉनच्याच, पण नेक स्टील गिटारसारखा अरुंद), यावर घेण्याआधी मिळेल ते वाचलं होतं. सगळीकडे तेच: नट (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) 52 मिलिमीटरचा की 48चा, फिंगरबोर्ड सपाट की किंचित गोलाईचा, नेक बॉडीला बाराव्या फ्रेटला मिळतो की चौदाव्या. बॅटरीबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नव्हतं. म्हणून मी काढतो.

माझी क्रॉसओव्हर नेहमीचीच: पातळ बॉडी, कटअवे (वरच्या फ्रेटपर्यंत हात जावा म्हणून कापलेला खांदा), 48चा नट, आत पिकअप (आवाज अँपला पोचवणारा). कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे भांडण आहे. घरात आधीपासून यामाहाची सी 40 आहे, क्लासवाली, सगळ्यांनी कधी ना कधी हातात घेतलेली. तुलना तिच्याशी.

आधी त्या चार मिलिमीटरचं उरकून टाकू. डाव्या हाताला फरक पडतो, नाही म्हणणार नाही. एफ कॉर्डचा बार, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबणं, सुटसुटीत बसतो, अंगठा वरून आणून सहावी तार दाबता येते. क्लासिकलवर ते माझ्या हाताला जमत नाही. उजव्या हाताला मात्र तारा जवळ वाटतात आणि अर्पेजिओ, म्हणजे कॉर्डच्या तारा एकेक करून, वाजवताना बोटं एकमेकांना अडतात. मुलांना ट्रिनिटीच्या क्लासिकल गिटारच्या परीक्षांना बसवायचं असेल तर 52च घ्या, शिक्षकही तेच सांगतील. आमच्यासारख्या भावगीतांना साथ करणाऱ्यांचा हात दोन्हीकडे रुळतो. कॅपोचं (नेकवर लावून सगळ्या तारा दाबणारा, पट्टी वर नेणारा चिमटा) मात्र ऐकून ठेवा. गायकांची पट्टी काळी एक, काळी दोन, काळी चार किंवा काळी पाच, म्हणजे कॅपो पहिल्या फ्रेटला आणि खाली सी, डी, जी किंवा एचे कॉर्ड. सपाट फिंगरबोर्डाला सपाट पट्टीचा रुंद कॅपो लागतो. स्टील गिटारचा लावलात तर एखादी तार भणभणते आणि गायिका तुमच्याकडे बघते. माझ्या क्रॉसओव्हरवर स्टील गिटारचा जुना कॅपो चालून गेला, तेवढे पैसे वाचले.

आता आवाज. केबल न लावता वाजवली की सी 40 क्रॉसओव्हरपेक्षा भरदार वाटते. दुकानात हे लक्षात येत नाही, कारण तिथे पहिल्यांदा अँपलाच जोडून दाखवतात. तारेची लांबी तीच, 650 मिलिमीटर, पण नेक चौदाव्या फ्रेटला मिळाला की ब्रिज (बॉडीवर तारा बांधतात ती पट्टी) वर सरकतो आणि खालच्या रुंद भागाच्या मधोमध राहत नाही. त्यात बॉडी पातळ. खर्ज कुठून यायचा? एकोणिसाव्या शतकात आंतोनिओ दे तोर्रेस या स्पॅनिश गिटार बनवणाऱ्याने बॉडी मोठी केली, वरच्या फळीखाली पंख्यासारख्या पट्ट्या बसवून ती हलकी ठेवली, हा सगळा खटाटोप आवाजासाठी. स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हिया मोठमोठ्या सभागृहांत माइकशिवाय वाजवायचे ते त्या जोरावर. क्रॉसओव्हर बनवणाऱ्यांनी त्यातलं बरंच परत काढून घेतलं आणि बदल्यात नऊ व्होल्टची बॅटरी दिली.

तर ती बॅटरी. नायलॉनला लोहचुंबक ओळखत नाही, म्हणून इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप इथे चालत नाही. सॅडलखाली, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीखाली, पिएझो (कंपनांच्या दाबावर चालणारा पिकअप) बसवतात, त्याला प्रीअँप (सिग्नल वाढवणारं सर्किट) लागतो आणि प्रीअँपला बॅटरी. माझ्या गिटारला वेगळा स्विच नाही. केबल जॅकमध्ये घातली की प्रीअँप चालू, काढली की बंद. असा प्रीअँप चार-पाच मिलिअँपियर खातो. चांगल्या अल्कलाइन बॅटरीत सुमारे 500 मिलिअँपियर-तास धरले तर शंभरेक तास वाजवता यायला हवं. आमची तालीम आठवड्यातून एकदा. हिशोबाने बॅटरी वर्षभर पुरायला हरकत नव्हती.

पुरली पुढच्या तालमीपर्यंत. नवी घातली, तीही तशीच. मरतानाही गुपचूप मरत नाही. आधी आवाज फाटतो, मग गायकाच्या ऐन अंतऱ्यात खरखर सुरू होते. केबल मी दर वेळी काढून ठेवतो, लाइटचे दिवेही मीच बंद करत फिरणारा माणूस आहे. म्हणजे केबल काढूनही प्रीअँप चालूच राहत होता आणि चार-पाच दिवसांत बॅटरी चाटून पुसून टाकत होता.

सर्व्हिसवाल्यांनी गिटार ठेवून घेतली आणि आठवड्याने सांगितलं, अख्खी प्रीअँप सिस्टीम बदलावी लागेल. इलेक्ट्रॉनिक्सची वॉरंटी वेगळी आणि ती संपलेली. रक्कम ऐकून मी विचारलं, जॅक तपासला का? "सर, आम्ही पार्ट रिपेअर करत नाही, रिप्लेस करतो." गिटार उचलली आणि थेट तपकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. तिथल्या एका काकांनी मल्टिमीटर लावला. जॅकमधली पितळी पट्टी वाकून शेजारच्या पट्टीला टेकली होती, म्हणजे केबल नसतानाही सर्किट पुरं. चिमट्याने ती सरळ केली. घेतलेले पैसे एका बऱ्या बॅटरीपेक्षा कमी. त्यानंतर घातलेली बॅटरी अजून चालू आहे.

इथपर्यंत लिहून मी "क्रॉसओव्हर घेऊ नका" असं म्हणणार होतो. पण गणपतीत सोसायटीच्या मांडवात कार्यक्रम झाला. शेजारी तबला, ढोलकी, हार्मोनियम, समोर स्पीकर. सहकाऱ्याने क्लासिकल आणली होती, तिच्यापुढे माइक. आवाज वाढवला की शिट्टी, कमी केला की गिटार गायब. माझी केबल लावली आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली. पिएझोचा टणक, थोडा प्लास्टिकसारखा आवाज मला घरात खटकतो. मांडवात कुणाला खटकला नाही, मलाही नाही. त्यामुळे विकायचा बेत रद्द.

पावसाळ्यात दोन्हींची फळी फुगते, तारा वर येतात. माझ्या क्रॉसओव्हरला ट्रस रॉड (नेकच्या आतली, घट्ट-सैल करता येणारी सळी) आहे, त्याने नेक थोडा सावरता येतो. जुन्या पद्धतीच्या क्लासिकलला बहुधा तो नसतो.

घरात, एकट्याने वाजवणार असाल तर त्याच पैशांत सॉलिड टॉपची (वरची फळी प्लायवुडची नव्हे, अखंड लाकडाची) क्लासिकल येते, ती घ्या. पिकअपवर खर्च करू नका. चार वाद्यांत बसणार असाल तर क्रॉसओव्हर, पण दुकानातच विचारा: बॅटरी कोणती, दार बाहेरून उघडतं का, जॅक सुटा मिळतो का? आणि कुठल्याही नायलॉन गिटारवर स्टीलच्या तारा चढवू नका. ताण जवळजवळ दुप्पट होतो, ब्रिज उखडतो.

एक राहिलं. पिकअपवर तिसरी तार बसकी वाटते, साध्या नायलॉनची ही तार जाडच असते. कार्बनची घातली, फरक पडला. सुटी मिळाली नाही, पूर्ण सेट घ्यावा लागला. उरलेल्या पाच सी 40वर चढवल्या आहेत.