ओपनडब्ल्यूआरटी : फुकटचे, भक्कम, पण तारखा पाळायला लावणारे

लातूरमध्ये आमची साठ खुर्च्यांची अभ्यासिका आहे. दुपारी मुलांच्या व्याख्यानांचे व्हिडिओ सुरू झाले की सगळा भार एकाच राऊटरवर येतो. त्या राऊटरच्या कंपनीने विक्रीनंतर दोनेक वर्षांतच सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या देणे बंद केले आणि तसे कधी कळवलेही नाही. म्हणून २०२१ च्या सुरुवातीला मी त्यावर ओपनडब्ल्यूआरटीची, म्हणजे कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी राऊटरवर बसवता येणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरची, १९.०७ ही आवृत्ती बसवली.

रोजच्या कामात हे सॉफ्टवेअर उत्तम आहे. एसक्यूएम हे इंटरनेटचा वेग सगळ्यांत नीट वाटून देणारे पॅकेज टाकून लाइनच्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर मर्यादा घातल्यापासून, एका मुलाने मोठी फाइल उतरवायला घेतली तरी बाकीच्यांचे व्हिडिओ अडकत नाहीत. आमच्याकडे त्यापूर्वी यावरून रोज कुरबुर होत असे.

खरा प्रश्न आवृत्त्यांचा आहे. २३.०५ या आकड्यात वर्ष आणि महिना असला तरी तो त्या आवृत्तीचे काम मुख्य सॉफ्टवेअरपासून वेगळे काढल्याचा असतो. प्रत्यक्षात ती आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. आवृत्तीचा सपोर्ट, म्हणजे तिच्या दुरुस्त्या, ती आल्यापासून एक वर्ष किंवा पुढची मोठी आवृत्ती आल्यापासून सहा महिने, यांपैकी जे उशिरा येईल तोपर्यंत मिळतो. म्हणूनच सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या २२.०३ चा सपोर्ट एप्रिल २०२४ मध्ये संपला. हा हिशेब उघडपणे मांडलेला असतो, हे मला फार मोलाचे वाटते. मात्र मुदत संपली म्हणून राऊटर बंद पडत नाही, दिवाही हिरवाच राहतो. १९.०७ ची मुदत उलटून चार महिने झाल्यावर माझ्या ते लक्षात आले.

मग २१.०२ बसवायला घेतली, तर जुनी सेटिंग नव्या आवृत्तीशी जुळत नाही असे सांगून राऊटरने ती घेण्यास नकार दिला. त्या आवृत्तीत लॅन पोर्ट (राऊटरमागच्या, वायर जोडायच्या जागा) हाताळण्याची पद्धत माझ्या राऊटरच्या चिपसाठी बदलली होती, त्यामुळे सेटिंग पुसून सगळे नव्याने भरावे लागले. रात्री अकराला मुले गेल्यावर, मध्येच वीज जाऊ नये म्हणून राऊटर आणि लॅपटॉप दोन्ही इन्व्हर्टरवर घेऊन, वहीत उतरवलेले आकडे एकेक करून टाकत बसलो. पुढे २२.०३ मध्ये फायरवॉल, म्हणजे नको ती ये-जा अडवणारी भिंत, आयपीटेबल्स या जुन्या पद्धतीवरून एनएफटेबल्स या नव्या पद्धतीवर गेली आणि मी हाताने लिहिलेल्या आयपीटेबल्सच्या ओळी निकामी झाल्या. २३.०५ आणि २४.१० मात्र सेटिंगसह सुखरूप बसल्या. मधली आवृत्ती टाळून २२.०३ वरून थेट २४.१० वर जाण्याला अधिकृत पाठबळ नाही, म्हणून आळस करून चालत नाही.

हे ऐकून शेजारच्या मेसवाल्या काकांनी त्यांचा जुना राऊटर आणून दिला. त्यात ४ एमबी फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवण्याची जागा) आणि ३२ एमबी रॅम (चालू कामाची मेमरी) होती. अशा यंत्रांना १९.०७ नंतरच्या आवृत्त्या मिळत नाहीत, म्हणून काकांना नवा राऊटर घ्यायला सांगितले. घेताना फ्लॅश किमान १६ एमबी आणि रॅम १२८ एमबी असल्याची खात्री करा, असे चिठ्ठीवर लिहूनही दिले.