नाकाचा मास्क की नाक-तोंड झाकणारा?

झोपेत श्वास अडकतो (स्लीप ॲप्निया) म्हणून रात्री सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, लावणाऱ्यांना हा प्रश्न पडतो. तोंड मिटून झोपत असाल, तर नाकाचाच घ्या. लहान असतो, कुशीवर वळलात तरी सहसा सरकत नाही. झोपेत तोंड उघडत असेल, तर हवा तिथूनच निसटते आणि सकाळी घशाला कोरड पडते. इंदूरच्या मे महिन्यात तर फारच. अशांना नाक-तोंड झाकणारा बरा. पण त्याची कड लांब, त्यामुळे गळतीच्या जागाही जास्त: दाढी, नाकाचा उंचवटा. हवा डोळ्यांत जाते म्हणून पट्टे करकचून आवळू नका. नाकावर वळ उठतो, गळती तशीच राहते. आडवं पडा, मशीन चालू ठेवा, मास्क किंचित पुढे ओढून सिलिकॉनचं कुशन फुगू द्या, मग अलगद टेकवा. कुशन रोज सौम्य साबणाने धुवा. चेहऱ्याच्या तेलाने ते घसरतं.