चमकणारी चित्रं आणि चाळीस आठवडे: बालवाडीच्या विषय-संचाचा अनुभव

पुढच्या वर्षाच्या नोंदणीसाठी बालवाडीचा विषय-संच विकणाऱ्या कंपनीचे फोन सुरू झालेत, म्हणून हे आत्ताच लिहून टाकते. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातल्या एका गावात मी बालवाडी चालवते. दर आठवड्याला एक विषय, महिन्याला एक खोका, त्यात चित्रकार्डं, गोष्टीचा तक्ता, हस्तकलेचं सामान आणि मुलागणिक वर्कशीट, असा हा संच. आत काय काय असतं हे तुम्हाला ठाऊक असेलच, आता प्रत्येक तालुक्यात त्याचे एजंट फिरतात. जून ते मार्च आम्ही तो रोज वापरला. वर्षाचे अकरा हजार मोजले आणि आमची फी महिन्याला चारशे आहे, तेव्हा मी बारकाईने बोलणार.

सगळ्यात आधी चकाकी. चित्रकार्डांवर चकचकीत लॅमिनेशन आहे. आमच्या वर्गाला एकच मोठी खिडकी आणि वर ट्यूबलाइट. मुलं सतरंजीवर अर्धगोल करून बसतात, मी स्टुलावर बसून कार्ड धरते. मुलांची नजर खालून वर जाते आणि ट्यूबचा पट्टा बरोबर चित्राच्या मधोमध उमटतो. पहिल्याच आठवड्यात डाव्या बाजूची मुलं ओरडायला लागली, "बाई, नुसतं चमकतंय, काहीच नाय दिसत." कार्ड वाकडं केलं की उजवीकडच्यांना दिसेना. ट्यूब बंद केली तर पावसाळ्यात वर्गात अंधार. मग मी कार्ड हातात घेऊन प्रत्येकासमोर फिरवत गेले. पाचव्या मुलापर्यंत पोचेस्तोवर पहिली चार उठून खिडकीशी गेलेली असायची. तीन-साडेतीन वर्षांचं मूल एका जागी बसतं ते किती, आणि त्यातला निम्मा वेळ ही चकाकी खाते.

मी कंपनीला फोन केला. तिकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, प्रीमियम क्वालिटी आहे, ओल्या फडक्यानं पुसता येतं." मी म्हटलं, पुसायचंय काय, आधी दिसू तर दे. त्याने तक्रार नोंदवली. पुढच्या महिन्याचा खोका आला, कार्डं तशीच. परत फोन. या वेळी एक बाई बोलल्या, "मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या कार्डावर डाग बसतात, शाळांनाच ग्लॉसी हवं असतं." डाग बसतात हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण डागाखालचं चित्र मुलाला दिसतं, ट्यूबच्या पट्ट्याखालचं दिसत नाही. मी व्हिडिओ काढून पाठवला, मुलांच्या उंचीवर मोबाईल धरून. उत्तर आलं नाही. शेवटी आमच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कार्डांवर मॅट फिल्म चढवून घेतली, स्वतःच्या पैशाने. आता डावीउजवीकडची सगळी मुलं एका वेळी बघतात. छापताना फिल्म बदलायची तेवढी गोष्ट होती आणि अकरा हजार घेऊनही ती झाली नाही, याचा राग मला अजून आहे.

आता दर आठवड्याला एक विषय या पद्धतीबद्दल. इथे माझं मत वर्ष चालू असताना बदललं. जूनमध्ये मला हे ताणलेलं वाटत होतं. सोमवारी पाणी, मंगळवारी पाणी, शुक्रवारीही पाणीच. मुलं कंटाळतील अशी खात्री होती. झालं उलट. सोमवारी मुलं फक्त नावं घेतात. प्रश्न सुरू होतात ते बुधवार-गुरुवारी. पाण्याच्या आठवड्यात संचात बूच आणि गोटी होती, काय तरंगतं नि काय बुडतं ते बघायला. ते पाच मिनिटांत संपलं. मग आम्ही टपात वांगं टाकलं, ते तरंगलं. त्याहून लहान बटाटा बुडाला. मोठं ते बुडणार असं म्हणणारा एक मुलगा गप्प होऊन नुसता बघत राहिला. दुसऱ्या दिवशी तो घरून संत्रं घेऊन आला. संत्रं तरंगलं. मावशींनी ते सोललं आणि परत टाकलं तर तळाला गेलं. सालीत बारीक हवा असते, ती निघून गेली. मुलांना मी हे सांगितलं नाही, त्यांनी पुढचे दोन दिवस मिळेल ते सोलून टपात टाकलं. विषय सोमवारीच बदलला असता तर यातलं काही झालं नसतं. पाणी आम्ही दोन आठवडे चालवलं आणि अवकाशाचा आठवडा सरळ वगळला.

संचाची दुसरी अडचण त्याच्या कॅलेंडरची आहे. भाज्यांचा विषय जुलैत. त्या वेळी मटार परवडत नाही आणि ओला हरभरा मिळतच नाही. हाच विषय डिसेंबरात घेतला तर मटार सोलणं, हरभऱ्याचे घाटे फोडणं, मेथी निवडणं, सगळं हातात येतं. बोटांना जो व्यायाम वर्कशीटवरच्या ठिपक्यांवरून पेन्सिल फिरवून व्हायचा, तो मटाराच्या शेंगेने कितीतरी चांगला होतो, शिवाय मोजणीही होते: या शेंगेत पाच, त्या शेंगेत सात. हिवाळ्याच्या आठवड्यात बर्फाचा माणूस होता, कापसाचा, डब्यासारखी टोपी घातलेला. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे, पारा पाच-सहा अंशांवर येतो, आणि थंडीने द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून द्राक्षबागांमध्ये रात्री शेकोट्या पेटवतात. आमच्या मुलांना हिवाळा म्हणजे तो धूर आणि आजोबांचं पहाटे उठून बागेत जाणं. आम्ही काटक्या गोळा केल्या, लहान-मोठ्या लावल्या, न पेटवलेली शेकोटी रचली. कापूस उशीत भरला.

खोक्यातल्या माहितीपत्रकात कंपनी म्हणते की हे सगळं नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आहे. धोरण मी वाचलंय, त्याला धरून आलेला अभ्यासक्रमही. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी आणलेला 'आधारशिला' अभ्यासक्रम अठ्ठेचाळीस आठवड्यांचा आहे. त्यातले पहिले चार आठवडे फक्त मुलांनी रुळण्यासाठी ठेवलेत. संचात मात्र पहिल्याच सोमवारी वर्कशीट आहे, रडणाऱ्या मुलाच्या हातात. आणि आपल्याला धोरणाची तरी वाट कशाला बघायची? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला गावातल्या मुलांच्या बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे पानं, बिया, शंख-शिंपले हीच साधनं होती. अकरा हजारांच्या खोक्यात एक बी नाही, बियांचं चित्र आहे.

एका वस्तूसाठी मात्र मी या संचाचे मनापासून आभार मानते: गुपित पिशवी. जाड कापडाची, तोंडाला इलॅस्टिक, आत हात घालायचा आणि न बघता ओळखायचं. शिवण पक्की, रोज ओढाताण होऊनही एक टाका उसवला नाही. तिच्यासोबतच्या प्लॅस्टिकच्या फळांऐवजी मी त्या आठवड्याच्या खऱ्या वस्तू भरते. दिवाळीनंतर द्राक्षाच्या कामाला सुरगाणा-पेठकडची आदिवासी कुटुंबं आमच्याकडे येतात. त्यांच्यातली एक मुलगी वर्गात महिनाभर बोललीच नव्हती. घरची बोली वेगळी, आमचं बोलणं तिला परकं. जानेवारीत धान्याचा विषय होता. कार्डांवर गहू, तांदूळ, मका. मी मावशींना सांगून नागली, म्हणजे नाचणी, मिळवली आणि छोट्या पुरचुंडीत बांधून पिशवीत टाकली. तिने हात घातला, बोटांनी चोळलं आणि मोठ्याने म्हणाली, "नागली!" बाकीच्या मुलांना नागली माहीत नव्हती. मग तिनेच दळायचं कसं, भाकर थापायची कशी, ते हातांनी करून दाखवलं. त्या दिवसापासून ती गाण्यात बोलते, भांडणातही बोलते.

द्राक्षांचा विषय संचात नाहीच, तो आम्ही फेब्रुवारीत घातला. पालक घमेली भरून द्राक्षं पाठवतात. कोणी हे करणार असाल तर एक लक्षात ठेवा, लहान मुलांना अख्खा मणी देऊ नका, घशात अडकतो. उभा चिरून, चार फाका करून द्या. संचातल्या सुरक्षेच्या पानावर हे यायला हवं होतं, तिथे फक्त कात्रीबद्दल लिहिलंय.

पालकांचं म्हणाल तर शुक्रवारची वर्कशीट त्यांना सगळ्यात आवडते. भरलेलं पान घरी गेलं की शिकवलं असं त्यांना वाटतं. "बाई, पोरानं आज काय लिहिलं?" हा प्रश्न रोजचा आहे आणि तो विचारणाऱ्या आईचा पैसाही कष्टाचाच आहे. मी आता शनिवारी पालकांना अर्धा तास वर्गात बसवते, मटार सोलून मोजायला लावते मुलांसोबत. काहींना पटलं. काही अजून वही मागतात.

पुढच्या वर्षी पूर्ण संच घेणार नाही. कंपनीला कळवलंय: गोष्टींचे तक्ते आणि दोन गुपित पिशव्या सुट्या विकत असाल तर घेते, वर्कशीट नको, कार्डं मॅट असतील तरच. सुटं विकत नाही असं आज तरी उत्तर आहे. तसं असेल तर पिशव्या गावातल्या शिंप्याकडून शिवून घेईन, जाड खादीच्या, आणि विषयांचं कॅलेंडर भिंतीवर आमचं आम्ही लावू: मृगात पाऊस, पोळ्याला बैल, डिसेंबरात मटार, फेब्रुवारीत द्राक्षं.